सह्याद्रीच्या माथ्यावरील झुडपी रान

पावसाळी डोंगरांच्या माथ्यावर वाढणारे झुडपी रान हा वनस्पतींचा एक स्वतंत्र समुदाय आहे. भरपूर पाऊस, जोराचा वारा, वारंवार उतरणारे धुके आणि मातीचा पातळ थर या चार गोष्टी एकत्र आल्या की उंच वृक्षांना तिथे टिकून राहणे अवघड होते. कमी उंचीची, फांद्यांनी एकमेकांत गुंतलेली, चिवट झुडपे मग ती जागा व्यापतात. उष्ण कटिबंधातील अनेक पर्वतांवर अशी राने आहेत. हवाई बेटांवर ओहिया हा वृक्ष सखल जंगलात उंच वाढतो, पण माथ्यावरच्या दलदलीत तो गुडघ्याएवढाही होत नाही. पूर्व आफ्रिकेतील रुवेंझोरी पर्वतावर शेवाळाने झाकलेल्या एरिका प्रजातीच्या झुडपांचा रुंद पट्टा आढळतो. महाराष्ट्रात या प्रकारचे रान सह्याद्रीच्या मुख्य धारेवर आहे. महाबळेश्वर, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, कोयनेच्या खोऱ्याभोवतीचे माथे, चांदोली, राधानगरी आणि आंबोली या भागांत त्याची निरनिराळी रूपे पाहायला मिळतात.

या रानाकडे बहुधा ‘जंगल तुटल्यावर उरलेली झुडपे’ म्हणून पाहिले जाते. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण अनेक माथ्यांवर ही झुडपेच त्या जागेची मूळ आणि पूर्ण वाढलेली वनश्री आहेत. तिथे उंच वृक्ष पूर्वी नव्हते आणि आज लावले तरी ते टिकण्याची शक्यता कमी असते. हा फरक समजून घेण्यासाठी आधी तिथला पाऊस, वारा, खडक आणि माती पाहावी लागते.

पाऊस, वारा आणि धुके

अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणची अरुंद पट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो. काही किलोमीटरच्या अंतरात त्याला हजार मीटर किंवा त्याहून अधिक वर चढावे लागते. वर चढताना हवा थंड होते, तिच्यातील बाष्प सांद्रित होते आणि माथ्यावर प्रचंड पाऊस कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आंबोलीत याहूनही अधिक. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. माथा ओलांडला की हा जोर झपाट्याने ओसरतो. महाबळेश्वरपासून पूर्वेला वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत पाऊस सुमारे एकतृतीयांशावर येतो आणि पायथ्याच्या वाईत तो आणखी कमी होतो. त्यामुळे माथ्यावरचे ओले झुडपी रान एका अरुंद, लांबट पट्ट्यात सापडते. दिवसभर पूर्वेकडे चालत गेले तर वनश्री पूर्ण बदललेली दिसते.

या पावसाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. दक्षिण केरळात कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा असतो. उत्तरेकडे येत जावे तसा तो वाढतो आणि महाराष्ट्रातील सह्याद्रीवर सहा ते आठ महिने होतो. म्हणजे इथल्या झुडपाला चार महिने पाण्याच्या अतिरेकाशी आणि उरलेले बहुतेक वर्ष पाण्याच्या टंचाईशी जुळवून घ्यावे लागते. हवाईच्या किंवा रुवेंझोरीच्या ओल्या माथ्यांवर इतका लांब कोरडा काळ नसतो. सह्याद्रीच्या झुडपी रानाचा वेगळेपणा प्रामुख्याने या दुहेरी ताणातून आला आहे.

वारा झाडाची उंची ठरवतो. पावसाळ्यात कड्याच्या तोंडाशी तो आठवडेच्या आठवडे जोरात वाहतो. वाऱ्याच्या बाजूचे कोवळे शेंडे मोडतात किंवा सुकतात, आडोशाच्या बाजूचे वाढत राहतात आणि झाड एका अंगाला कलते. अशी झाडे दाटीने वाढली की त्यांच्या शेंड्यांचा वरचा पृष्ठभाग कात्रीने कापल्यासारखा सपाट होतो. या सपाटपणामुळे वारा रानाच्या आत न शिरता वरून सरकून जातो आणि प्रत्येक झाडाला शेजारच्याचा आडोसा मिळतो. मध्येच काही झाडे तोडली गेली तर वाऱ्याला आत शिरायला वाट मिळते आणि कडेची झाडेही सुकू लागतात. या रानातील छोटी तोडसुद्धा तिच्या आकाराच्या मानाने मोठे नुकसान करते, त्याचे कारण हे आहे.

धुके पावसाळ्यात दिवसेंदिवस माथ्यावर बसून असते. झाडांच्या पानांवर आणि शेवाळावर त्याचे थेंब साठतात व खाली ठिबकतात. पाऊस थांबल्यानंतरही काही आठवडे सकाळचे धुके आणि दव यांमुळे माथ्यावर ओल राहते. हवा थंड असल्याने पानांतून पाणीही कमी उडते. महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दव गोठण्याइतकी थंडी पडते. कोरड्या काळाचा पहिला भाग सदाहरित झुडपांना सुसह्य होतो तो या थंडीमुळे आणि ओलीमुळे.

खडक आणि माती

सह्याद्रीचा महाराष्ट्रातील भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. महाबळेश्वर, कास, चांदोली, आंबोली अशा अनेक ठिकाणी या कातळावर जांभ्याची टोपी आहे. दीर्घकाळ पडणाऱ्या उष्ण पावसात बेसाल्टमधील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. त्यापासून हा तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. माथ्यावरची माती याच प्रक्रियेतून आलेली असल्यामुळे ती आम्लधर्मी आणि कॅल्शियम, पोटॅशियम यांसारख्या पोषकद्रव्यांनी गरीब आहे. दर पावसाळ्यात तिच्यातील पोषकद्रव्ये पुन्हा धुऊन जातात.

मातीची खोली काही पावलांवर बदलते. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट, उघड्या कातळावर, ती काही सेंटीमीटरच असते आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबून मुळांना हवा मिळत नाही. उतारावर ती अर्धा-एक मीटर असू शकते. घळीत वरून वाहून आलेली माती साठते, वाऱ्यापासून आडोसाही मिळतो आणि तिथे खरे सदाहरित अरण्य उभे राहते. एकाच डोंगरावर सड्यावर गवत आणि फुलझाडे, कडेला झुडपी रान, उतारावर कारवी आणि घळीत उंच वृक्ष अशी जी मांडणी दिसते, ती मुख्यतः मातीच्या खोलीची आणि वाऱ्याच्या आडोशाची मांडणी असते.

जांभा पाणी मुरवून घेतो आणि त्याच्या खालचा घट्ट कातळ ते पाणी अडवतो. दोहोंच्या सांध्यातून झरे फुटतात. महाबळेश्वरच्या परिसरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या उगम पावतात. कोरड्या महिन्यांत माथ्यावरच्या झुडपांची मुळे जांभ्याच्या भेगांमधून याच ओलीपर्यंत पोहोचतात.

अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे खुरटे रान

माथ्यावरील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण समुदाय म्हणजे अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे दाट, खुरटे, सदाहरित रान. भीमाशंकर आणि महाबळेश्वर ही त्याची प्रमुख ठिकाणे. चँपियन आणि सेठ यांनी १९६८मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात अशा रानाचा समावेश पश्चिमेकडील उपोष्ण डोंगरी वनांत केला आहे. वाऱ्याच्या तोंडावर त्याची उंची साधारण तीन-चार मीटर असते आणि आडोशाला ती दुप्पट-तिप्पट होते. वृक्ष आणि झुडूप यांच्यातील सीमारेषा इथे पुसट होते, कारण एकच जाती आडोशाला वृक्षासारखी आणि कड्यावर झुडपासारखी वाढते. जांभूळ याचे उत्तम उदाहरण आहे. कोकणात आणि नदीकाठी ज्याची सावली अंगणभर पसरते तेच झाड महाबळेश्वरच्या कड्यावर बुंध्यापासून अनेक खोडे फुटलेले, वाकडेतिकडे झुडूप होते.

अंजनी ही या रानाची ओळख आहे. तिची पाने लहान, जाड, गुळगुळीत आणि चकचकीत असतात. त्यांच्यावरच्या मेणचट थरामुळे पावसाचे पाणी पटकन ओघळून जाते आणि उन्हाळ्यात पानातले पाणी टिकते. ओला आणि कोरडा अशा दोन्ही ऋतूंना तोंड देणारे हे पान आहे. लाकूड अतिशय कठीण असून वाढ संथ असते. उन्हाळ्याच्या तोंडाला अंजनीच्या फांद्यांवर गडद निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे दाट गुच्छ येतात. नंतर लागणारी काळपट फळे पक्षी आवडीने खातात. पिसा हे दालचिनीच्या कुळातील झाड. त्याची लांबट पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात.

या तिघांच्या जोडीला हिरडा, पारजांभूळ, भोमा, लोध्र, आंबगुळी आणि नरक्या आढळतात. हिरडा पानगळीचा वृक्ष असूनही माथ्यावर तग धरतो. भीमाशंकर, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरांत कोवळा बाळहिरडा गोळा करणे हे महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन आहे. नरक्यामध्ये कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. कर्करोगावरील औषधांसाठी त्याला मागणी असल्याने या झुडपाची मोठ्या प्रमाणावर चोरटी तोड झाली आणि अनेक ठिकाणी त्याची संख्या घटली.

खुरट्या रानाखाली प्रकाश कमी पोहोचतो, त्यामुळे तळाशी गवत जवळजवळ नसते. तिथे नेचे, दिंडा, कारवीच्या जातभाई वनस्पती आणि झाडांची सावलीत तग धरून राहणारी रोपे असतात. कुसर, घोटवेल आणि वावडिंग यांसारख्या वेली फांद्यांना जखडून ठेवतात. त्यांच्यामुळे रान आणखी घट्ट विणले जाते.

कारवीचे उतार

माथ्याखालच्या तीव्र उतारांवर कारवीचे राज्य असते. ती ॲकँथेसी कुळातील झुडपी वनस्पती आहे. तिच्या स्ट्रोबिलँथिस या प्रजातीत आशियाभर साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. दोन ते तीन मीटर किंवा अधिक उंचीची, सरळ, काठीसारखी खोडे आणि मोठी, खरखरीत पाने ही तिची लक्षणे. पावसाळ्यात कारवीचा उतार गर्द हिरवा दिसतो आणि उन्हाळ्यात बहुतेक पाने झडून नुसत्या काठ्या उरतात. ती इतक्या दाटीने वाढते की एकेका उतारावर दुसरी वनस्पती शोधावी लागते. मोसमी पावसाचा पहिला तडाखा या पानांवर झेलला जातो आणि मुळांचे जाळे उतारावरची माती धरून ठेवते.

कारवीचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे तिचे फुलणे. ती साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. डोंगरउतारावरची सगळी झुडपे एकाच वर्षी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातात, फळे धरतात आणि नंतर मरून जातात. फळे कोरड्या महिन्यांत वाळतात आणि पुढच्या पावसाची ओल लागली की आवाज करत फुटून बिया उडवतात. त्या पावसाळ्यात सगळा उतार एकाच वयाच्या रोपांनी भरतो. एकत्र जन्मलेली ही रोपे पुढे एकत्रच फुलतात, म्हणून हे चक्र पिढ्यान्पिढ्या जुळलेले राहते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी फुलली. मात्र सगळ्या सह्याद्रीचे वेळापत्रक एक नसते. बिया फार लांब जात नसल्याने निरनिराळ्या डोंगरांवरचे समूह वेगवेगळ्या वर्षी फुलतात. नीलगिरी आणि मुन्नार परिसरातील नीलकुरिंजी ही कारवीची नातलग बारा वर्षांनी फुलते. तिचे अलीकडचे बहर २००६ आणि २०१८मध्ये आले.

असे सामुदायिक फुलणे वनस्पतीच्या फायद्याचे कसे ठरते, याचे एक स्पष्टीकरण बियाणे खाणाऱ्या प्राण्यांशी जोडलेले आहे. अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिक डॅनिएल जॅन्झेन यांनी १९७६मध्ये बांबूंच्या संदर्भात ते सविस्तर मांडले. दरवर्षी थोडे बी आले तर कीटक, उंदीर आणि पक्षी ते संपवून टाकतील. बरीच वर्षे काहीच न देता एका वर्षी प्रचंड बी टाकले तर खाणाऱ्यांचे पोट भरूनही पुष्कळ बी उरते. परागीभवनालाही या एकाच वेळच्या बहराचा लाभ होतो. त्या वर्षी सातेरी आणि आग्या मधमाश्या कारवीवर गर्दी करतात. कारवीचा दाट, गडद मध महाबळेश्वर परिसरात प्रसिद्ध आहे.

कारवी मेल्यानंतरचे वर्षही या समुदायाच्या जीवनात महत्त्वाचे असते. एरवी कारवीच्या दाट सावलीत अडकून पडलेल्या वृक्षांच्या रोपांना त्या वर्षी प्रकाश मिळतो आणि कारवीची नवी पिढी दाट होण्याआधी काहींना वर निसटण्याची संधी मिळू शकते. ज्या उतारावर जवळच घळीतील अरण्य शिल्लक आहे, तिथे या संधीचा उपयोग होतो. जिथे बी पुरवणारे वृक्षच उरलेले नाहीत, तिथे कारवीमागून पुन्हा कारवीच येते.

कारवीच्या इतर जातीही माथ्यावर आहेत. आकरा आणि वायटी या रानाच्या सावलीत वाढतात. टोपली कारवी मात्र उघड्या सड्याच्या कडांवर घुमटाकार, टोपली पालथी घातल्याप्रमाणे वाढते. हा आकार वाऱ्याला अडथळा कमी करतो. कास पठारावरची तिची वसाहत प्रसिद्ध आहे. तीही काही वर्षांच्या अंतराने एकत्र फुलते.

उघड्या माथ्यावरची आणि कड्यांवरची झुडपे

रानाच्या कडेला, जुन्या शेतांच्या जागी आणि वारंवार वणवा लागणाऱ्या माथ्यांवर प्रकाशप्रिय झुडपांचा वेगळा समुदाय असतो. त्यात करवंद, तोरण, गेळा, धायटी, मुरुडशेंग, भारंगी, फांगळा आणि रामेठा प्रमुख आहेत. करवंद, तोरण आणि गेळा यांना काटे असतात. त्यामुळे गुरे त्यांना टाळतात आणि करवंदीच्या जाळीत उगवलेल्या वृक्षाच्या रोपालाही संरक्षण मिळते. धायटी थंडी सरताना लाल नळीदार फुलांनी भरते आणि शिंजीर पक्षी मधासाठी तिच्याकडे येतात. रामेठ्याच्या फांद्यांच्या टोकाला पिवळ्या फुलांचे गोल गुच्छ येतात. त्याची साल विषारी असून ती मासे मारण्यासाठी वापरली जात असे. गुरेही त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या माथ्यांवर त्याची संख्या वाढते.

सड्यावर माती इतकी थोडी असते की झुडपेही मागे हटतात. तिथे पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, तेरडा, सोनकी, पंद आणि चवर यांसारख्या लहान वनस्पतींची वसाहत होते. चवर ही हळदीच्या कुळातील, सह्याद्रीपुरती मर्यादित वनस्पती. तिच्या कंदापासून पूर्वी आरारूटसारखे सत्त्व काढले जाई. झुडपी रान आणि सडा यांची सीमा वर्षानुवर्षे जवळजवळ तिथेच राहते, कारण ती कातळाने आखलेली असते.

उभ्या कड्यांवर माती भेगांपुरतीच असते. तिथे चवेणी म्हणजे रानकेळ आपला फुगीर बुंधा कपारीत रोवते, पावसाळ्यात पाने फेकते आणि कोरड्या काळात जमिनीवरची पाने गमावून बुंध्यात साठवलेल्या अन्नपाण्यावर तगते. शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या काही मोजक्या कड्यांवरच आढळणारी मांसल वनस्पती. शिवनेरी, पुरंदर आणि महाबळेश्वर परिसरातील कडे ही तिची ठिकाणे. माणूस आणि गुरे यांना सहज पोहोचता येत नाही, म्हणून अनेक दुर्मीळ जाती आज कड्यांवरच टिकून आहेत.

फांद्यांवरचे रान

माथ्यावरील झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर आणखी एक समुदाय राहतो. त्यात शेवाळे, नेचे, आमरी (ऑर्किड) आणि शैवाक (लायकेन) असतात. या अपिवनस्पती झाडाचे अन्न घेत नाहीत. फक्त त्याचा आधार घेतात. धुके आणि पाऊस यांतून त्यांना पाणी मिळते, तर धुळीतून आणि कुजलेल्या सालीतून थोडी पोषकद्रव्ये. कोरड्या महिन्यांसाठी प्रत्येकाची सोय वेगळी असते. शेवाळे वाळून निपचित पडतात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होतात. आमरीच्या जाड खोडांत पाणी साठवलेले असते. बाशिंग नावाच्या नेच्याला दोन प्रकारची पाने असतात. त्याची लहान, तपकिरी, वाळलेली पाने फांदीला चिकटून पालापाचोळा साठवतात आणि मोठी हिरवी पाने अन्न तयार करतात. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल हेही एक शैवाक आहे. शैवाक फार हळू वाढत असल्यामुळे खोडांवरून ते ओरबाडले गेले की भरून यायला अनेक वर्षे लागतात.

हा थर पाणी धरून ठेवतो आणि ते सावकाश सोडतो. त्याचा दाटपणा हवेतील ओलीचा आणि रानाच्या वयाचा चांगला निदर्शक आहे. जुन्या, न छेडलेल्या रानात खोडे पूर्ण झाकलेली असतात, तर नव्याने वाढलेल्या रानात ती उघडी दिसतात.

प्राणी आणि बीजप्रसार

माथ्यावरील बहुतेक सदाहरित झुडपांना गरयुक्त फळे येतात आणि त्यांच्या बिया पक्षी व सस्तन प्राणी पसरवतात. बुलबुल, रानकबुतरे आणि कस्तूर अंजनी, जांभूळ, तोरण, आंबगुळी यांची फळे खाऊन बिया रानभर टाकतात. उदमांजरे रात्री तेच काम करतात. भीमाशंकरच्या रानातील शेकरू उंच झाडांच्या सलग शेंड्यांवर अवलंबून असते. म्हणून ते खुरट्या झुडपांपेक्षा घळीतील आणि देवराईतील, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातील, वृक्षांवर अधिक आढळते. कोयना, चांदोली आणि राधानगरीच्या माथ्यांवर गवे सड्यावर चरतात आणि झुडपी रानात आडोसा घेतात.

मधमाश्यांसाठी हे रान वर्षभराचे कोठार आहे. जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा आणि कारवी यांचे बहर वेगवेगळ्या काळात येतात. महाबळेश्वरमधील मधपाळांचा व्यवसाय या क्रमावर उभा आहे. २०२२मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

माणूस आणि रान

माथ्यावरच्या वस्त्यांचे जीवन या झुडपांशी जोडलेले आहे. कारवीच्या काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती केल्या जातात. अशा भिंती कोकणात आणि मावळात अजूनही दिसतात. कुंपण, तट्टे आणि जळण यांसाठीही कारवी वापरतात. नाचणी आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटून शेतात जाळल्या जातात. पिढ्यान्पिढ्यांच्या या छाटणीने अनेक वृक्ष झुडपांसारखे झाले आहेत.

त्यामुळे एखादे झुडपी रान निसर्गाने घडवलेले आहे की माणसाने, हा प्रश्न प्रत्येक जागी वेगळा सोडवावा लागतो. त्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण मातीची. कातळावर वीतभरही माती नसेल आणि जागा थेट वाऱ्याच्या तोंडावर असेल, तर झुडपेच तिथली नैसर्गिक वनश्री असण्याचा संभव मोठा. दुसरी खूण बुंध्याची. जमिनीलगत जुन्या तोडीचा खुंट आणि त्यातून फुटलेली अनेक खोडे दिसली, तर तो पूर्वीचा वृक्ष आहे. तिसरी खूण जातींची. अंजनी, पिसा आणि पारजांभूळ यांचे वर्चस्व जुने रान दाखवते, तर करवंद, गेळा आणि रामेठा यांचे वर्चस्व तोड, चराई किंवा वणवा दाखवते. चौथी आणि सर्वांत विश्वासार्ह खूण जवळच्या देवराईची. तशीच माती, तितकाच वारा आणि तेवढीच उंची असूनही देवराईत उंच वृक्ष असतील आणि बाहेर झुडपे असतील, तर बाहेरचे रान घटलेले आहे. देवराईतही झाडे ठेंगणीच असतील, तर तीच त्या माथ्याची मर्यादा आहे.

धोके आणि संरक्षण

या रानाला सर्वांत मोठा धोका वणव्याचा आहे. सह्याद्रीवरचे बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात. चांगले गवत येईल या समजुतीने, राब भाजताना किंवा निष्काळजीपणाने फेब्रुवारी ते मे या काळात ते पेटतात. अंजनीसारखी संथ वाढणारी, पातळ मातीत रुजलेली झाडे एकदा जळाली की परत यायला फार काळ लागतो. त्यांची जागा गवत, रामेठा आणि धायटी घेतात, ती अधिक सहज पेटतात आणि पुढच्या वणव्याला वाट मोकळी होते. घाणेरी आणि रानमोडी ही परदेशी झुडपेही अशाच मोकळ्या जागांतून आत शिरतात.

रस्ते, हॉटेले, बंगले, काही माथ्यांवरील पवनचक्क्या आणि कोल्हापूर भागातील बॉक्साइटच्या खाणी यांनी माथे तुकड्यातुकड्यांत विभागले आहेत. खाणीत जांभ्याची टोपीच काढली जाते, म्हणजे झऱ्यांचे पाणी साठवणारा थर नाहीसा होतो. यावर काही कायदेशीर उपाय झाले आहेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून जाहीर झाला. भीमाशंकर आणि कोयना ही अभयारण्ये १९८५पासून आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रात आहेत.

चांगल्या हेतूने केलेले वृक्षारोपण हाही एक धोका ठरू शकतो. उघडा माथा पाहून तिथे खड्डे खणले, बाहेरून माती आणली आणि भरभर वाढणारी झाडे लावली की आधीच्या झुडपांचे आणि सड्यावरच्या फुलझाडांचे नुकसान होते. लावलेली झाडेही बहुधा पहिल्या काही पावसाळ्यांत वाऱ्याने मोडतात किंवा कोरड्या महिन्यांत सुकतात. घटलेल्या रानात सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वणवा आणि चराई रोखणे, परदेशी झुडपे काढणे आणि जवळच्या देवराया व घळीतील अरण्य जपणे. तेवढे केले की पक्षी बी आणतात, काटेरी जाळ्या रोपांना आडोसा देतात आणि रान आपल्या क्रमाने भरते. रोपे लावायचीच असतील, तर त्याच माथ्यावरच्या अंजनी, जांभूळ, पिसा आणि हिरडा यांच्या बियांपासून तयार केलेली, खोल मातीच्या जागी लावावीत. जिथे झुडूप हीच निसर्गाची मर्यादा आहे, तिथे झुडपालाच पूर्ण रान मानून जपले पाहिजे. कृष्णा-कोयनेच्या उगमांचे पाणी, कड्यांवरची दुर्मीळ वनस्पती, मधपाळांचा मध आणि हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न हे सारे या ठेंगण्या रानाच्या टिकून राहण्यावर अवलंबून आहे.